हवेचा हिशेब

२००५ च्या ऑक्टोबरात अकोल्याला एका दिवाळी अंकाची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे होते. अक्षरजुळणी चालायची ती एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत. ऑक्टोबर हीट म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागत नाही. उन्हाळ्यातला कूलर तोवर झाकून ठेवलेला असतो आणि पत्रा मात्र पुन्हा तापू लागलेला असतो. दुपारी दोनच्या सुमारास तिथला संगणक आधी मंदावायचा. कळ दाबल्यावर अक्षर क्षणभराने पडद्यावर उमटायचे. मग काही न सांगता तो बंद पडायचा. एका दुपारी एका दीर्घकथेची अकरा दुरुस्त पाने अशीच गेली. ऑपरेटर मुलाने कॅबिनेटची बाजू उघडली, टेबलफॅन आतल्या बाजूला तोंड करून लावला आणि म्हणाला, ‘‘काका, याले बी हवा लागते.’’

त्याच्या त्या वाक्याने मला या विषयाकडे वळवले. संगणकाचा इतिहास आपण वेगाचा आणि स्मरणशक्तीचा इतिहास म्हणून वाचतो. पण त्याला समांतर आणखी एक इतिहास आहे. संगणकात तयार होणारी उष्णता बाहेर कशी न्यायची, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला. आणि टेबलावरच्या संगणकापुरते बोलायचे, तर तो बहुतेक वेळा फक्त हवेच्या साह्याने सोडवला गेला.

सुरुवातीच्या यंत्रांना ही अडचण जन्मतःच होती. १९४६ मध्ये फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॉट वीज घेई. नलिकेतली तार तापल्याशिवाय ती चालतच नाही. म्हणजे उष्णता हा तिथे दोष नव्हता, कामाचीच अट होती. ती बाहेर टाकण्यासाठी मोठ्या पंख्यांनी सतत हवा खेळवावी लागे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला, १९६० मध्ये कामाला लागलेला टिफ्रॅक याच पिढीतला. त्यात सुमारे २,७०० नलिका होत्या. अशा यंत्रांचा संसार स्वतंत्र दालनात असे आणि त्या दालनाची हवा सांभाळणे हे यंत्र सांभाळण्याइतकेच महत्त्वाचे काम असे. खोली हा यंत्राचाच भाग आहे, हे त्या काळी कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते.

संगणक टेबलावर आला आणि ही गोष्ट विसरली गेली. आता त्याला दालन नव्हते. तो घरात, दुकानात, कचेरीत जिथे जागा मिळेल तिथे बसणार होता. तिथली हवा घ्यायची आणि तिथेच सोडायची, एवढेच त्याच्या हाती उरले.

इथे दोन विचार समोरासमोर आले. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वीजपुरवठा जेमतेम ६३.५ वॉटचा होता, तरी त्या डब्यात एक पंखा बसवलेला होता. तो आवाज करी, पण त्याबद्दल कुणी लाज बाळगली नाही. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांना मात्र पंख्याची घरघर नको होती. १९७७ च्या ॲपल टूमध्ये ते जमले. रॉड होल्ट यांनी त्यासाठी कमी तापणारा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा तयार केला होता. म्हणजे पंखा वगळण्याआधी उष्णताच कमी केली गेली होती. १९८० च्या ॲपल थ्रीमध्ये पंखा नव्हताच. जाड ॲल्युमिनियमच्या तळातून उष्णता बाहेर जावी, अशी योजना होती. त्यातल्या चिपा आपल्या खाचांतून सैल होऊ लागल्या. संगणक काही इंच वर उचलून टेबलावर सोडून द्या, म्हणजे चिपा पुन्हा नीट बसतील, असा सल्ला त्या काळी ग्राहकांना दिला गेला! दोष उष्णतेचा की मदरबोर्डच्या रचनेचा, याबद्दल तो घडवणाऱ्यांतच पुढे मतभेद राहिले. पण हजारो संगणक बदलून द्यावे लागले.

१९८४ चा मॅकिन्टॉशही पंख्याविना होता. गरम हवा हलकी होऊन वर जाते, आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या धुराड्याचे तत्त्वही तेच. त्यावर भिस्त ठेवून त्याच्या माथ्यावर फटी ठेवल्या होत्या. पण धुराडे उंच असेल तरच ओढ चांगली लागते. हे ओळखून बाहेरच्या विक्रेत्यांनी मॅकच्या डोक्यावर ठेवायची पुठ्ठ्याची धुराडी विकायला काढली. अखेर १९८७ च्या मॅकिन्टॉश एसईमध्ये पंखा आला. तोपर्यंत जॉब्स ती कंपनी सोडून गेले होते.

हवेचा हिशेब मुळात फार साधा आहे. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते आणि तिचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. संगणक १०० वॉट उष्णता टाकत असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहाच अंशांनी तापू द्यायची असेल, तर दर दोन मिनिटांना एक घनमीटर हवा त्यातून गेली पाहिजे. साधारण पाण्याच्या एक हजार लिटरच्या टाकीत मावेल एवढी! पाण्याच्या तुलनेत हवा उष्णतेची फार दुबळी हमाल आहे. ती फुकट मिळते, गळत नाही आणि सांडत नाही, एवढ्यासाठीच तिला हे काम दिले गेले.

१९८०च्या दशकातल्या बहुतेक प्रोसेसरांच्या पाठीवर काहीच नसे. ४८६ या पिढीत धातूचे पाते असलेला उष्णताशोषक आला आणि १९९३ च्या पेंटियमपासून त्यावर छोटा पंखा बसणे रूढ झाले. पहिला पेंटियम १५ वॉटच्या आसपास उष्णता टाकी. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स रचनेत एक गमतीचा धडा आहे. वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल, अशी मूळ कल्पना होती. पण ती हवा डब्यातून येतानाच तापलेली असे. पुढे हा पंखा उलट, बाहेर हवा फेकणारा झाला. हवा कुठून येते याचा विचार ती कुठे जाते याच्याइतकाच महत्त्वाचा, हे अनुभवाने शिकावे लागले.

पुढची मोठी मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी उष्णतानलिका घडवली. तशाच कल्पनेचे पेटंट रिचर्ड गॉग्लर यांना १९४४ मध्येच मिळाले होते. ग्रोव्हर यांच्यानंतर अवकाशयानांसाठी तिचा उपयोग झाला. हीच नलिका आज संगणकाच्या बहुतेक मोठ्या कूलरांमध्ये असते. तांब्याची बंद नळी, आत हवा काढून ठेवलेले थोडेसे पाणी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पणतीच्या वातीतून तेल चढते, ते ज्या तत्त्वाने, त्याच तत्त्वाने. शेवटी उष्णता स्वीकारते ती हवाच. नळी फक्त ती हवेपर्यंत पोचवते.

तरीही हवेला मर्यादा होतीच आणि २००४ मध्ये ती उघड झाली. त्या वर्षी आलेल्या प्रेस्कॉट नावाच्या पेंटियम फोरची उष्णता १०० वॉटच्या पुढे गेली. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता, की याच चालीने गेलो तर चिपांवरची उष्णता अणुभट्टीशी तुलना करण्याजोगी होईल. मे २००४ मध्ये इंटेलने तेजस हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणण्याचा बेतही सोडला. एकाच गाभ्याला अधिकाधिक पळवण्याऐवजी दोन गाभे जोडीने चालवायचे, असे ठरले. २००६ चा कोअर टू ड्युओ ६५ वॉटमध्ये बसला. आज प्रत्येक संगणकात अनेक गाभे असतात, त्याच्या मुळाशी हवेने सांगितलेला हा नकार आहे.

पंख्यांचेही शहाणपण वाढले. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे फायद्याचे ठरले. जॉब्स यांना हवी असलेली शांतता बऱ्याच अंशी मिळाली, पण पंखा काढून नव्हे, मोठा करून.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पंख्याला जमत नाही. खोलीपेक्षा थंड काही करणे त्याच्या हाती नसते. प्रोसेसर ७५ अंशांपर्यंत तापू द्यायचा आणि खोली २५ अंशांवर असेल, तर उष्णता वाहून न्यायला ५० अंशांची उतरण मिळते. खोली ४० अंशांवर असेल तर उरतात ३५. तोच कूलर, तोच पंखा, पण ताकद ७० टक्के. संगणक कोणत्या खोलीत चालणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना होते, आणि पत्र्याखाली काम करणारा माणूस त्या गृहीतात क्वचितच असतो. त्यात धूळ आली, की उरलेली ताकदही जाते.

आमच्या त्या संगणकाचे हेच झाले होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने पंखा काढला, तेव्हा पात्यांवर गोधडीसारखा धुळीचा थर निघाला. ती साफ केल्यावर संगणक मंदावेना, पण दुपारी बंद पडणे चालूच राहिले. मग त्या मुलाने कॅबिनेट भिंतीच्या कोपऱ्यातून काढून खिडकीजवळ स्टुलावर ठेवले आणि मला सांगितले, ‘‘काका, आपण रात्रीच बसू.’’ रात्री दहा ते पहाटे चार असे आम्ही बारा दिवस काम केले. ती अकरा पाने पुन्हा जुळली आणि अंक वसुबारसेच्या आत बाहेर पडला. यंत्रात काही बदलले नव्हते. आम्ही फक्त त्याची खोली बदलली होती.