तीन बादल्यांचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात आईला पवईतल्या एका ऑफिसची ऑर्डर जवळजवळ मिळाली होती. रोज बारा डबे, महिनाभर. दोन दिवस नमुन्याचे डबे पाठवले, ते चाटूनपुसून परत आले. भाव ठरला. मग मेसेज आला, "बाय द वे, किचन कुठे आहे?" मी लिहिलं, "गोवंडी." दोन निळ्या टिका उमटल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "सॉरी, हायजीनचा इश्यू होईल."

त्या माणसाने आमचं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. आईची उलथनी, डबे उकळत्या पाण्यातून काढायची तिची खोड, ओट्यावर पीठ सांडलं तर माझ्यावर होणारा तिचा आरडाओरडा, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. त्याने फक्त गावाचं नाव वाचलं.

आई म्हणाली, "जाऊ दे गं, डंपिंगचं नाव ऐकलं की कुणालाही तसंच वाटणार." मला जाऊ देता आलं नाही. बाहेरचं अन्न 'स्वच्छ' आहे की नाही हे आपण नेमकं कशावरून ठरवत आलो, ते शोधत बसले. शोध सुरू झाला पवईच्या मेसेजवरून आणि पोचला माझ्या आजोबांच्या कपापर्यंत.

पाटीवरचा शब्द

दादर स्टेशनजवळ मामा काणे यांचं उपाहारगृह आहे, १९१० सालचं. त्याचं पूर्ण नाव 'मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह'. आज आपण ते नाव वाचतो आणि कौतुकाने हसतो, कारण स्वच्छ असणं ही काय पाटीवर लिहायची गोष्ट आहे? पण शंभर वर्षांपूर्वी ती लिहायचीच गोष्ट होती. घराबाहेर, पैसे देऊन, कुणीही रांधलेलं खाणं हेच मुळी अनेकांना धाडस वाटे.

त्या काळी 'स्वच्छ' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न एकदम येत. भांडी घासलेली आहेत का, हा एक. आणि रांधणारा, वाढणारा, शेजारी बसलेला कोण, हा दुसरा. 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणी खानावळ' अशा पाट्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकत. रेल्वे स्टेशनांवर तर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळे. विहीर एक, नदी एक, पण भांडं वेगळं.

इराण्यांची हॉटेलं आली आणि हे गणित जरा बिघडलं. संगमरवरी टेबल, भिंतीला आरसे, चहा चिनी मातीच्या कपात. सोवळ्याच्या हिशेबात धातूचं भांडं घासून शुद्ध होतं, पण चिनी मातीचा कप एकाने उष्टावला की कायमचा ओवळा. विज्ञानाच्या हिशेबात नेमकं उलट. गुळगुळीत झिलईवर मळ धरत नाही, गरम पाण्याने कप धुतला की झालं. एकच कप, दोन निकाल. आपल्या हॉटेलांचा सगळा इतिहास या दोन निकालांमधली ओढाताण आहे असं मला वाटतं.

शहराने घाण कुठे ठेवली

दुसरा निकाल, म्हणजे जंतूंचा, मुंबईला प्लेगने शिकवला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पिण्याचं पाणी तर त्याआधीच नळाने येऊ लागलं होतं, १८६० पासून विहार तलावाचं, १८९२ पासून तानशाचं.

शहर स्वच्छ होऊ लागलं. पण घाण नाहीशी होत नसते, ती हलवली जाते. कुर्ला-चेंबूर रुळांवर प्रवाशांच्या आधी कचऱ्याच्या गाड्या धावल्या, प्रवासी वाहतूक १९२४ मध्ये सुरू झाली. आणि १९२७ पासून देवनारच्या खाडीकाठी शहराचा कचरा पडू लागला. तो अजून तिथेच आहे, आता त्याचे डोंगर झालेत. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखानाही देवनारला आला. दक्षिणेतल्या हॉटेलांची मोरी स्वच्छ राहावी म्हणून तिचं दुसरं तोंड आमच्या दारात उघडलं.

१९२७ हे साल वाचताना मी थबकले. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं. रावबहादूर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने असे पाणवठे सर्वांना खुले ठरवले होते, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचं जाहीर केलं होतं. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत, त्याचं कुणाला काही नव्हतं. माणसं प्यायल्यावर मात्र तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. पाण्यात ओतलं काय, तर शेण, गोमूत्र, दूध, दही. कुठल्याही प्रयोगशाळेला विचारा, या शुद्धीकरणाने पाणी जास्त घाण झालं. पण ते आता 'शुद्ध' होतं.

आजोबांचा कप

माझे आजोबा जालन्याकडचे. तिथल्या बाजाराच्या गावात एकच चहाचं हॉटेल होतं. आजोबांचा आणि त्यांच्यासारख्या चारपाच जणांचा कप आत नव्हता, बाहेर वळचणीला खोचलेला असे. कप आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, उकिडवं बसून प्यायचा, मग कप धुऊन परत खोचायचा. आजोबा सांगत, "आमचा कप त्या हॉटेलात सगळ्यात स्वच्छ. राखेने घासायचो, दोनदा विसळायचो. आतले कप तो पोऱ्या एकाच घमेल्यात बुचकळायचा." आणि हसत.

हे कधीचं? राज्यघटना १९५० साली लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा शब्द घालून उल्लेख आहे, तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला, आणि हॉटेलात प्रवेश नाकारणं शिक्षापात्र ठरलं. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदाही १९५५ मध्येच अमलात आला. म्हणजे देशाने एकाच वर्षी दोन प्रकारच्या घाणीवर हात घातला, एक ताटातली, एक ताट वाढणाऱ्याच्या डोक्यातली. आजोबांचा कप त्यानंतरही बरीच वर्षं वळचणीलाच होता.

बहात्तरच्या दुष्काळात ते मुंबईला आले, गोवंडीत शिवाजीनगरला झोपडं बांधलं. त्यांना इथली एकच गोष्ट फार आवडली. रस्त्यावरच्या टपरीत कुणी जात विचारत नसे.

तीन बादल्या

मग बाबांनी स्वतःचीच टपरी टाकली, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सुट्टीच्या दिवशी मी ग्लास धुवायला बसायचे. आजोबांनी घालून दिलेली पद्धत होती, तीन बादल्या. पहिलीत साबणाचं पाणी, दुसरीत खळबळायचं, तिसरीत शेवटचं विसळायचं. मग ग्लास उपडे. फडक्याने पुसायचे नाहीत, कारण फडक्याइतकी घाण वस्तू टपरीत दुसरी नसते, असं आजोबा म्हणत. (हे त्यांचं म्हणणं आजही कुठल्याही पंचतारांकित किचनला लागू आहे.)

ही गोष्ट इथे संपवली तर फार छान वाटेल. गरीब पण स्वच्छ, वगैरे. पण ती इथे संपत नाही.

टपरीला नळ नव्हता. पाणी कॅनने विकत यायचं. सकाळी तिन्ही बादल्या काचेसारख्या असत. दुपारी दुसरी गढूळ व्हायची, संध्याकाळी तिसरी. पाणी बदलायचं म्हणजे आणखी एक कॅन, म्हणजे कितीतरी कटिंगचा नफा गेला. बाबा बादलीकडे बघत, मग रस्त्याकडे बघत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरत. आठवीत मला कावीळ झाली. टपरीच्या पाण्याने की घरच्या? फरक नव्हता, कॅन एकच होता. त्या महिन्यात आमच्याकडे चहा प्यायलेल्यांपैकी आणखी कोण आजारी पडलं, हा प्रश्न बाबांनी कधी विचारला नाही. मीही नाही.

म्हणून पवईच्या मेसेजवर मला पूर्ण रागावता येत नाही. जंतू खरे असतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक आयरिश स्वयंपाकीण होती. ती जिथे जिथे कामाला राहिली तिथे विषमज्वर निघाला, हे १९०७ मध्ये जॉर्ज सोपर यांनी शोधून काढलं. ती स्वतः ठणठणीत होती, म्हणून तिचा यावर कधी विश्वास बसला नाही. तिला आयुष्याची दोन तपांहून अधिक वर्षं एकांतवासात काढावी लागली. तिच्यासारखे जंतू वाहणारे इतरही बरेच सापडले होते, पण 'टायफॉइड मेरी' हे नाव तिलाच चिकटलं. गरीब, परदेशातून आलेली, दुसऱ्याच्या घरात राबणारी बाई. जंतू खरा होता, आणि बोट दाखवायला माणूस निवडण्याची रीतही तितकीच खरी होती.

आधी नळ, मग नियम

आपल्याकडे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ऑगस्ट २०११ मध्ये लागू झाला. त्याच्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांसाठी साधी नोंदणी ठेवली, आणि सोबत स्वच्छतेच्या अटी. पाणी पिण्यायोग्य हवं, हात धुतलेले हवेत, आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये. मी त्या अटी वाचल्या. एकही अट चुकीची नाही. आजोबांनी सगळ्यांवर सही केली असती.

पण प्रत्येक अट एक नळ गृहीत धरते. आणि मुंबईत नळ मिळायचा की नाही हे कित्येक वर्षं झोपडं कुठल्या तारखेच्या आधीचं आहे यावर ठरत होतं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडं अनधिकृत आहे म्हणून तो नाकारता येणार नाही. महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण २०२२ मध्ये आलं. मध्ये साडेसात वर्षं गेली. तेवढ्या काळात किती बादल्या गढूळ झाल्या असतील?

गोवंडीत स्वस्त खाणारेही राहतात. दहा रुपयांचा वडापाव खाऊन कामावर जाणाऱ्या माणसालाही कावीळ न होण्याचा तितकाच हक्क आहे, जितका पवईतल्या डबेवाल्याला. म्हणून टपरीवरचे नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. टपरीपर्यंत नळ आणा आणि मग नियम कडक करा, असं म्हणेन. पाणी न देता स्वच्छता मागायची, आणि ती नाही दिसली की पत्त्यावरून माणूस ओळखायचा, हे वळचणीला कप खोचण्याचंच नवं रूप आहे.

आईने नोंदणी करून घेतली. आता घरी नळ आहे, पाणी सकाळी दीड तास येतं, आणि ती आधी डब्यांचं पाणी भरते, मग आमचं. डब्यांवर लावायचं लेबल मी फोनवर तयार केलं. मी पत्त्यात फक्त 'मुंबई' लिहिलं होतं. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "गोवंडी राहिलं की गं."

"मुद्दाम नाही लिहिलं, आई."

"लिही," ती म्हणाली. "आणि मोठं लिही. खाऊन झाल्यावर तरी वाचतील."

सध्या पाच डबे जातात.