किराणा दुकानदारी आणि शासकीय पतहमी

किराणा दुकान हा दोन उधारींच्या मध्ये उभा असलेला धंदा होय. घाऊक पेठेतून माल काही दिवसांच्या वायद्याने येतो, आणि गिऱ्हाईक पगार झाल्यावर हिशेब चुकता करते. या दोन मुदतींतील अंतर भरून काढणारे खेळते भांडवल हीच दुकानदाराची खरी गरज. परंतु त्याची येणी खातेवहीत अडकलेली आणि माल रोज हलणारा. सबब तारण म्हणून बँकेला दोन्ही कच्चीच वाटत. अशा ऋणकोची जोखीम शासनाने पत्करावी काय, या प्रश्नाला भारतात मिळालेले उत्तर वारंवार बदलत गेले आहे.

१ जुलै १९६० रोजी केंद्र सरकारने पतहमीची योजना सुरू करून तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे सोपविला. ती लघुउद्योगांपुरती होती. दुकानदाराला तीत स्थान नव्हते. उत्पादनाला उत्तेजन द्यावे व व्यापारावर नजर ठेवावी, हे त्या काळच्या धोरणाचे सूत्र होते. मे १९५६ मध्येच रिझर्व्ह बँकेने भात व तांदूळ यांच्या तारणावरील कर्जांवर निर्बंध घालून निवडक पतनियंत्रणास आरंभ केला होता. त्याचा रोख साठेबाजीवर होता. तथापि वखारीतला साठेदार आणि गल्लीतला वाणी यांत भेद करण्याची निकड धोरणाला पुढे जाणवली.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हा भेद प्रत्यक्षात आला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या पतहमी महामंडळाने लहान कर्जांच्या हमीत किरकोळ विक्रेत्यांचाही अंतर्भाव केला. १९७२ मध्ये अग्रक्रम क्षेत्राची व्याख्या निश्चित होताना किरकोळ व्यापार तीत आला. वाणी आता व्यापारी म्हणून नव्हे, तर स्वतःचा रोजगार स्वतः निर्माण करणारा म्हणून कर्जास पात्र ठरला. १९७८ मध्ये हे महामंडळ ठेवविमा महामंडळात विलीन झाले. पुढे बँका या हमीयोजनांतून बाहेर पडत गेल्या व त्या बंद पडल्या.

२००० मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी नवा हमीनिधी उभा राहिला, तेव्हा १९६० चीच पुनरावृत्ती झाली : किरकोळ व्यापार पुन्हा बाहेर राहिला, तो २०१८ मध्ये आत आला. दरम्यान ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेने १० लाख रुपयांपर्यंतच्या विनातारण कर्जाची वाट दुकानदारालाही मोकळी केली. २ जुलै २०२१ रोजी किरकोळ व घाऊक व्यापाराला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या वर्गात घेण्यात आले. मात्र तेही केवळ अग्रक्रम कर्जापुरते.

या इतिहासाचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हमी मिळते ती बँकेला, दुकानदाराला नव्हे. कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा ठरलेला हिस्सा निधी भरून देतो. ऋणकोचे देणे त्यामुळे फिटत नाही. हमीने दार उघडते, ओझे उतरत नाही. म्हणून अशा योजनांचे यश मंजूर कर्जांच्या बेरजेवरून मोजणे अपुरे होय. घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवरील दुकानदाराचे अवलंबन किती घटले, हीच तिची खरी कसोटी. आणि तिचा पुरावा बँकेच्या अहवालात नव्हे, तर दुकानाच्या खातेवहीत शोधावा लागतो.