अंबाबाईच्या हातातलं फळ आणि टूटीफ्रूटीचा केक

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांपैकी तिघांत गदा, ढाल आणि पानपात्र आहे. चौथ्यात, म्हणजे खालच्या उजव्या हातात, एक फळ आहे: म्हाळुंग. वस्त्रालंकारांच्या गर्दीत ते सहज नजरेस पडत नाही. फ्रूट केकची कुळकथा देवीच्या मूर्तीपासून सुरू करणं जरा आगाऊपणाचं वाटेल. पण केकमधल्या पाकवलेल्या फळांचा माग काढत मागे मागे गेलं की वाट या फळापाशीच येऊन थांबते.

म्हाळुंग, म्हणजे संस्कृतातलं मातुलुंग किंवा बीजपूर, हे लिंबाच्या कुळातलं मोठं, खडबडीत, पिवळं आणि अतिशय सुवासिक फळ. कापलं की निराशा होते. आत रस जेमतेम, बिया भरपूर, आणि सालीखाली बोटभर जाडीचा पांढरा गर. लिंबासारखं पिळता येत नाही, संत्र्यासारखं सोलून खाता येत नाही. ही जाड सालच पुढे त्याचं नशीब ठरली.

लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. या वर्गाचं मूळ त्याने हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे दाखवलं, आणि आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक लिंबू-संत्र्यांच्या मागे तीनच मुख्य पूर्वज असल्याचं सांगितलं: म्हाळुंग, पपनस आणि मँडरिन संत्रं. या तिघांपैकी भूमध्य समुद्रापर्यंत सगळ्यांत आधी पोचलं ते म्हाळुंग. जेरुसलेमजवळच्या रामात राहेल इथल्या इराणी अमलाच्या काळातल्या राजबागेत, भिंतीच्या गिलाव्यात अडकलेले त्याचे परागकण सापडले आहेत. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसने त्याला मीडियाचं किंवा पर्शियाचं सफरचंद म्हटलं. फळ खात नाहीत, पण वास छान आहे, कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही आणि विषावर उतारा म्हणून चालतं, असं तो नोंदवतो. फळ भारताकडचं, नाव मात्र वाटेतल्या मुक्कामाचं लागलं. शास्त्रीय नावातला ‘मेडिका’ हा शब्दही औषधाशी नव्हे, या मीडियाशी नातं सांगतो.

खाता न येणारं फळ केकमध्ये शिरलं कसं, यावर दोन पक्ष आहेत. रोमनांचा अभिमान असलेले ‘अपिसियस’ या नावाने चालत आलेल्या पाकपुस्तकाकडे बोट दाखवतात. म्हाळुंग भांड्यात घालून, तोंड जिप्समने लिंपून टांगून ठेवायची युक्ती त्यात आहे. पण त्याने फळ टिकतं, गोड होत नाही. साल गोड आणि पारदर्शक व्हायची तर तिच्या पेशींमधलं पाणी जाऊन तिथे साखर बसावी लागते. मधानेही हे थोडंफार साधतं, पण मधाचा रंग आणि वास फळावर कुरघोडी करतो. खडीसाखर करण्याइतका स्वच्छ पाक ज्या प्रदेशांना आधी जमला त्यांनाच हे नीट जमणार. तो मार्ग भारत, इराण, मग अरब असा आहे. संस्कृत ‘खंड’, फारसी-अरबी ‘कंद’, इंग्रजी ‘कँडी’ ही साखळी शाळेतल्या मुलांनाही माहीत असते.

इथे भारताभिमान्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. आपल्याकडे पाकातल्या फळाला जो शब्द सर्रास चालतो तो ‘मुरांबा’, आणि त्यामागचा ‘मुरब्बा’ अरबी. साखर आपली, पण फळ पाकात मुरवून ठेवायची शहरी कला बाहेरून परत आली असावी, असं या शब्दावरून म्हणता येतं. त्यावर उत्तर म्हणजे वैद्यांचा कूष्मांडखंड आणि घरातला कोहळेपाक: कोहळ्याचा गर, साखर, तूप, नाव अस्सल इथलं. मात्र तो शिजवून एकजीव केलेला पाक आहे, त्यात अख्खी फोड शिल्लक राहत नाही. फोड न मोडता तिच्यात साखर भरण्याचं श्रेय अरबांकडेच जातं असं मानणं जास्त रास्त.

पुढचा टप्पा इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचा. इंग्रज त्याला लेगहॉर्न म्हणत. मेदिची घराण्याने 1590च्या दशकात हे बंदर सर्व धर्मांच्या व्यापाऱ्यांना खुलं केलं. ज्यूंना तर आग्रहाने बोलावलं. सुक्कोत सणाच्या पूजेत ज्यूंना निर्दोष म्हाळुंग लागतं, त्यामुळे या फळाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. कॉर्सिका, सिसिली, कॅलाब्रिया इथून अर्धी कापलेली म्हाळुंगं खाऱ्या पाण्याच्या पिंपांतून लिव्होर्नोला येत आणि तिथे पाकवली जात. हे खारवणं नुसतं टिकवण्यासाठी नव्हतं. मिठाच्या पाण्यात साल मंद आंबते, कडूपणा उतरतो, पांढरा गर काचेसारखा होऊ लागतो आणि पाक आत शिरायला वाट मिळते. मग मीठ धुऊन काढायचं, साल उकळायची आणि पातळ पाकात सोडायची. पाक रोज थोडाथोडा घट्ट करत न्यायचा. पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकली तर आतलं पाणी भराभर बाहेर ओढलं जातं आणि साल सुरकुतून चामड्यासारखी होते.

इंग्लंडच्या केकचा इतिहास चार ओळींत आटपता येईल. आधी यीस्टने फुगवलेला, सुक्या मेव्याचा जड पाव. मग यीस्टऐवजी फेटलेली अंडी. 1843 मध्ये आल्फ्रेड बर्डची बेकिंग पावडर. आणि 6 जानेवारीच्या ‘ट्वेल्फ्थ केक’चं हळूहळू नाताळाकडे सरकणं. थांबायचं ते हॅना ग्लासच्या 1747 च्या पुस्तकापाशी. तिच्या ‘रिच केक’मध्ये चार पौंड पिठाला सात पौंड करंट, म्हणजे बारीक काळ्या मनुका आहेत. इतर बाबतींत मोकळी असलेली ही बाई पाकवलेल्या फळांच्या बाबतीत हटून बसते: संत्रं, लिंबू आणि म्हाळुंग, हीच हवीत. वीसेक वर्षांनी, 1769 मध्ये, एलिझाबेथ रॅफल्डने लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर द्यायला सांगितलं. केकवरच्या पांढऱ्या साखरथराचं घराणं तिथून सुरू होतं.

हा केक साहेबाबरोबर हिंदुस्थानात आला तेव्हा पाकवलेलं म्हाळुंग जहाजाने यावं लागे. फळ इथलं, कोकणातल्या परसातही मिळणारं, पण पाकवून विकणारं कुणी नव्हतं. मग ज्याने त्याने जवळ होतं ते घातलं. थलश्शेरीच्या मंबल्ली बापूने 1883 मध्ये मर्डोक ब्राउन नावाच्या मळेवाल्यासाठी देशी जिन्नस वापरून नाताळचा केक केला, ही गोष्ट केरळात अभिमानाने सांगतात. त्याहून बोलकं उदाहरण अलाहाबादी केकचं. त्यात लोण्याऐवजी तूप, पाकवलेल्या सालीऐवजी मुरब्बा आणि मार्मलेड, आणि म्हाळुंगाच्या जागी पेठा. पांढरा, अर्धपारदर्शक, स्वतःची चव जवळजवळ नसलेला, पाकाने गच्च भरलेला कोहळा. रूपाने तो लिव्होर्नोच्या सालीचा जुळा भाऊ शोभेल.

पेठ्यानंतर आली पपई. बेकरीतल्या केकमधले लाल, हिरवे, पिवळे चौकोनी तुकडे, म्हणजेच टूटीफ्रूटी, हे नाना फळांचे असतात असं मानणारे अजूनही पुष्कळ आहेत. ते सगळे एकाच कच्च्या पपईचे असतात; फरक फक्त रंगाचा.

पपई मूळची अमेरिकेची. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या यान ह्यूखेन व्हान लिन्शोतेन या डच माणसाने 1596 च्या आपल्या ग्रंथात तिचा प्रवास लिहून ठेवला आहे: स्पॅनिश अमलातल्या अमेरिकेतून फिलिपिन्सकडून मलाक्क्याला आणि तिथून हिंदुस्थानात. पुढे ती इतकी इथली झाली की आज जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मळेच्या मळे दिसतात. तिथेच टूटीफ्रूटीमागचं अर्थकारणही कळतं. कच्च्या पपईच्या सालीवर पहाटे ब्लेडने चरे पाडले की चीक गळतो. तो वाळवून पपेन मिळतं. मांस मऊ करायला, बिअर गढूळ होऊ नये म्हणून आणि औषधांत ते वापरतात. सीओ-2, सीओ-5 यांसारखे वाण तर पपेनसाठीच नावाजलेले. चीक काढलेलं फळ आत ठणठणीत असतं, पण चऱ्यांनी भरलेलं ते फळ बाजारात कोण घेणार? त्याची साल काढून, चौकोनी तुकडे करून पाकवले की तोंडवळ्याचा प्रश्नच उरत नाही. केकमधला लाल तुकडा हा अनेकदा दुसऱ्या एका धंद्याचा उरलेला माल असतो. म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. म्हाळुंगाची सालही कुणी आवडीने खात नव्हतं.

खरा वाद आहे तो चुन्यावरून. कच्च्या पपईचे तुकडे पाकात विरघळू नयेत म्हणून आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात; कारखान्यात त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड वापरतात. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला धरून बसतं आणि तुकडा कडक राहतो. ही युक्ती आली कुठून?

एक मत मेक्सिकोचं. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि पाकवायच्या भोपळ्यालाही चुन्याचं पाणी देतात. पपई ज्या वाटेने आली त्याच वाटेने ही रीतही आली असेल, असं म्हणणं मोहक आहे. दुसरं मत इटलीचं, कारण नाव इटालियन. पण त्या नावाला पुरावा मानणं भाबडेपणाचं. ‘टूटीफ्रूटी’ एकोणिसाव्या शतकात आइस्क्रीमला लागलं, आणि 1888 मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवरच्या यंत्रांतून विकलं गेलं तेव्हा ते च्युइंगगम होतं. असं पायाला भिंगरी लागलेलं नाव पपईला चिकटलं एवढंच.

तिसरं मत आग्र्याचं, आणि पारडं तिकडेच झुकतं. पेठ्याच्या फोडी टोचून चुन्याच्या पाण्यात ठेवतात, धुतात, उकळतात आणि पाकात मुरवतात. तुकड्यांचा आकार लहान केला आणि रंग घातला की ही टूटीफ्रूटीचीच कृती होते. ज्या देशात विड्यासाठी घरोघरी चुन्याची डबी असते त्याला मेक्सिकोची वाट पाहायची गरज नव्हती. (पेठा ताजमहालच्या मजुरांसाठी शोधला गेला ही आग्र्याची लाडकी कथा मात्र बाजूला ठेवावी. प्रत्येक मिठाईला एक बादशहा लागतोच.) तरी इटलीला पार हाकलून देता येत नाही. अनेक ठिकाणी पपई चुन्याआधी मिठाच्या पाण्यात पिंपांत भरून ठेवतात. ती चाल लिव्होर्नोचीच. तर्काने निवाडा करायचा तर असा: मीठ इटलीचं, चुना आग्र्याचा, फळ अमेरिकेचं आणि जागा म्हाळुंगाची.

केकवरच्या ‘चेरी’चीही हीच तऱ्हा. बेकरीत सर्रास मिळणारी ती लाल गोळी म्हणजे बी काढून पाकवलेला करोंदा, आपल्या करवंदाचा सख्खा भाऊ.

आता प्रत्यक्ष केककडे. फ्रूट केक ओलसर राहतो तो लोण्यामुळे कमी आणि या तुकड्यांमुळे जास्त. नीट पाकवलेल्या फळात साखर सत्तर टक्क्यांच्या आसपास असते आणि साखर पाणी सोडत नाही. कोरडा बेदाणा उलट वागतो. तो भोवतालच्या केकमधून ओल शोषून घेतो. म्हणून दीडशे ग्रॅम बेदाणे आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवावेत. टूटीफ्रूटी शंभर ग्रॅम पुरे. ती कोमट पाण्यात खळबळून, कपड्यावर कोरडी करून घ्यावी, नाहीतर लाल रंग सगळीकडे पसरतो. दीडशे ग्रॅम लोणी आणि तितकीच साखर फेसून त्यात एकेक करून तीन अंडी, मग दोनशे ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि किसलेली लिंबाची साल. मिश्रण चमच्यावरून सावकाश पडेल इतकं दाट हवं. पातळ झालं तर फळं तळ गाठतात, मग ती पिठात कितीही घोळवा. ओव्हनमध्ये 160 अंशांवर तास-सव्वा तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाशी मीठ किंवा वाळू घालून, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर. तिथे वेळ थोडा जास्त लागतो.

वरच्या ग्लेझला शंभर ग्रॅम आयसिंग शुगर आणि तीन-चार चमचे कागदी लिंबाचा रस, एवढंच. बाटलीतल्या इसेन्सपेक्षा लिंबूच घ्यावं, आणि त्यामागे चवीखेरीज आणखी एक कारण आहे. जनुकांच्या अभ्यासानुसार कागदी लिंबू हा संकर आहे. त्याची आई फिलिपिन्सकडची एक रानटी जात आणि वडील म्हाळुंग. युरोपातल्या पिवळ्या लेमनचे वडीलही तेच, आई तेवढी वेगळी, आंबट संत्रं. ग्लेझ केक कोमट असताना ओतलं तर आत मुरून वरचा भाग ओला राहतो. पूर्ण गार झाल्यावर ओतलं तर पांढरी खपली जमते. दोन्ही हवं असेल तर रस जरा वाढवून अर्धं आधी ओतावं आणि उरलेल्यात आणखी साखर घालून ते तासाभराने.