तुरट, तुरटी आणि तूर

अमरकोशात 'तुवर' आणि 'कषाय' हे शब्द एकाच रसाचे म्हणून दिले आहेत. त्यातल्या तुवराचं मराठीने 'तुरट' करून घेतलं. सौराष्ट्रातल्या तुरट मातीला अमरकोश 'तुवरिका' म्हणतो, ती आपल्या तुरटीची नातलग. आणि तुरीचं संस्कृत नाव 'तुवरी'. आमटी काही तुरट लागत नाही, पण आयुर्वेद तुरीला कषाय रसाचीच मानतो. (आवळ्याला मात्र या गोतावळ्यात ओढू नये. तोंड आवळतो म्हणून आवळा, ही व्युत्पत्ती ऐकायला झकास; पण तो आला 'आमलक'वरून.)

'कषाय' जास्त भटका निघाला. आधी चव आणि काढा, मग रंग, त्यावरून भिक्षूंची काषाय वस्त्रं. गोव्यात धणे-जिऱ्याचं 'कसाय' आजही उकळतं. जैन दर्शनात क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय; कापडाला रंग चिकटावा तसे ते आत्म्याला चिकटतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण.

रसायनशास्त्रालाही चिकटण्याचाच गुण सापडला. हिरडा, बाभळीची साल, सुपारी, कच्चं केळं यांत टॅनिनं असतात आणि ती प्रथिनांना धरून ठेवतात. लाळेतली प्रथिनं अशी धरली गेली की जिभेचं वंगण जातं, तोंड कोरडं पडतं. कातड्यातली धरली गेली की त्याचं चामडं होतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातच कमावतात. रंगारी कापडाला आधी हिरड्याचं पाणी देतो, मग तुरटीचं, तेव्हा रंग पक्का बसतो. कोशातले शेजारी रंगाऱ्याकडेही शेजारीच!

ही टॅनिनं पॉलिफेनॉलांच्या कुळातली, म्हणजे आज ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवलं जातं त्यांतली. परिभाषेत 'प्रतिऑक्सिडीकारक', हा शब्द कुणी सहज उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. काम सोपं आहे: आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन मुक्त मूलकाला शांत करायचं आणि त्या बदल्यात स्वतः ऑक्सिडीकृत व्हायचं. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही पॉलिफेनॉलांच्याच ऑक्सिडीकरणाने, फक्त तिथे एक विकर हे काम झटपट उरकतं. म्हणून तर फोडी पाण्यात टाकतात.

मग जितकं तुरट तितकं गुणकारी? तुरटी घ्या: ती खनिज, तिच्यात पॉलिफेनॉल औषधालाही नाही. परीक्षानळीतल्या आकड्यांवरही विसंबता येत नाही. पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारा 'ओरॅक' तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये मागे घेतला, कारण त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम ठरत नाही. केळं पिकताना त्यातली टॅनिनं अविद्राव्य होत जातात, लाळेच्या प्रथिनांना धरेनाशी होतात. केळं गोड लागतं. त्यातली बरीच टॅनिनं मात्र असतात तिथेच.