मंडळी : घरातली आणि चर्चमधली

मराठीतला 'मंडळी' हा शब्द मोठा मजेदार आहे. जुन्या पिढीतले गृहस्थ चारचौघांत बायकोचे नाव घेत नसत. 'आमची मंडळी माहेरी गेली आहेत' असे म्हणत, आणि ऐकणारा काय ते समजून घेई. मराठी ख्रिस्ती समाजात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. चर्चच्या सभासदांचा जो समुदाय, ती 'मंडळी'. तिची आध्यात्मिक काळजी वाहणारा तो 'पाळक'. म्हणजे पाळकाला दोन मंडळ्या सांभाळाव्या लागतात. एक घरातली, दुसरी चर्चमधली. या दोन्हींचा मेळ घालताना गेल्या दोन शतकांत आपल्या महाराष्ट्रात काय काय घडले, त्याची थोडी हकिकत आज मी आपल्याला सांगणार आहे.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. संत पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षासाठी एक अट सांगितली आहे. त्याला स्वतःचे घर नीट चालवता आले पाहिजे, कारण घर न सांभाळणारा देवाची मंडळी काय सांभाळणार, असा त्याचा आशय. अट वाचायला सोपी आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसापुढे अडचण अशी होती की, ख्रिस्ती होताच त्याचे घरच नाहीसे होई.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांच्याही संसाराची ओढाताण काही कमी नव्हती. हॉलची पत्नी मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांना घेऊन अमेरिकेला गेली, आणि इकडे १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात हॉल पटकीने दगावला. पुढे मिशनचे मुख्य ठाणे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाले. तिथे १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मंडळीला मराठी पाळक मिळू लागले ते असे.

धर्म बदललेल्या माणसाचे घरदार वाचवायला सरकारने दोन कायदे केले होते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही, असे ठरवले. १८६६ च्या कायद्याने लग्नाचा प्रश्न हाताळला. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्या कारणाने जोडीदाराने सलग सहा महिने साथ सोडली, तर कोर्टात जाता येई. कोर्ट फेरविचारासाठी वर्षाची मुदत देई, आणि तरीही जोडीदार नाहीच आला तर लग्न मोडून दुसरे करायला मोकळीक मिळे. जमीनजुमल्याचा आणि लग्नगाठीचा निकाल असा कागदावर लागत होता. पण सात फेरे घेतलेल्या माणसांच्या मनाचे काय, हे कायद्याच्या हाताबाहेरचे होते. ते समजून घ्यायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसाराकडे वळावे लागते.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. लक्ष्मीबाई १८६८ च्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्न झाले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. टिळक कवी, उत्तम वक्ते, स्वभावाने हळवे आणि तापट. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि त्यांच्या मनात विचारांचे चक्र सुरू झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नाही.

लक्ष्मीबाई तेव्हा अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. त्यांना ना सौभाग्याचा आधार होता, ना वैधव्याची सहानुभूती. पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. टिळकांना १८६६ च्या कायद्याचा रस्ता उघडा होता. ते त्या वाटेला गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, त्या स्वतःचा धर्म आणि सोवळेओवळे घेऊनच. एका घरात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, हे या हकिकतीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या माणसाने एकदा बायकोला न विचारता आयुष्याचा निर्णय घेतला, तोच आता तिच्या निर्णयासाठी थांबायला तयार झाला होता. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणहून घेतले की जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे. त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना पाळकपदाची दीक्षा १९०४ साली अहमदनगरला मिळाली. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने मिशनची अनाथालये मुलांनी भरून गेली होती. टिळकांच्या घराचे दार सर्वांना उघडे. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, वाट चुकलेले वाटसरू, कोणीही यावे आणि राहावे. बालकवी ठोमरे हे याच घरात मुलासारखे राहिले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजूला हातातला रुपया देऊन ते मोकळे होत, आणि संध्याकाळच्या जेवणाचे काय, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. पाळकाच्या दातृत्वाचे कौतुक मंडळी करते. त्याची किंमत घरातली मंडळी मोजते. हे मराठीत पहिल्यांदा उघडपणे कोणी लिहिले असेल, तर लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त. १९३४ पासून हे आत्मचरित्र भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मिशनच्या अहवालांत किती गावे पाहिली, किती बाप्तिस्मे झाले याचे आकडे असतात. पाळकाच्या स्वयंपाकघरातून मंडळीचा कारभार कसा दिसतो, हे मात्र लक्ष्मीबाईच सांगतात. तेही रडगाणे न गाता, स्वतःला आणि नवऱ्याला हसत हसत.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक उडी घेतली. वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही बंधुता स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिच्यात यावेत, ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत इथल्याच रीतीने रुजावा, असा त्यांचा ध्यास. कल्पना थोर होती. पण पगार थांबला तो घराचा. या खेपेला लक्ष्मीबाई बरोबर होत्या. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा उरलेला फार मोठा भाग, फारसे शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. न विचारता घेतलेल्या निर्णयाने मोडलेला संसार शेवटी एका ग्रंथात असा एकत्र आला.

आता मी आपल्याला नगरहून नवी मुंबईत आणतो. १९७० हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर आकाराला येऊ लागले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्याही आधीच्या एका संयुक्त चर्चच्या वाटेने त्यात सामील झाल्या. नवे शहर आणि नवे चर्च, दोघेही एकाच वयाचे.

वाशीचा खाडीपूल १९७३ साली सुरू झाला, लोकल १९९२ च्या मे महिन्यात आली. त्यांच्यासोबत नगर, जालना, सोलापूरकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे आली. केरळातून परिचारिका आणि कारकून आले, तमिळनाडूतून, गोव्यातून, मंगळूरकडून माणसे आली. मागोमाग त्यांची चर्चेसही आली. केरळी सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तो याच स्थलांतरामुळे. माणूस पोटामागे जातो, आणि पाळक माणसामागे जातो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमीच. पण नवी मुंबईत रविवारी सकाळी मराठी, मल्याळम, तमिळ, हिंदी, कोकणी, इंग्रजी अशा कितीतरी भाषांतून उपासना चालते. एखाद्या मंडळीचे स्वतःचे चर्च असते. एखादी अजून शाळेच्या सभागृहात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये जमते, आणि दुपार होण्याआधी खुर्च्या आवरून द्याव्या लागतात.

अशा शहरात पाळकापुढचे प्रश्न नगरच्या वाड्यातल्यापेक्षा निराळे आहेत. घरातली दोन्ही माणसे नोकरीला. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची पहाटेची लोकल. गृहभेटीला जावे तर दाराला कुलूप. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. टिळकांची जी गीते आजीला तोंडपाठ, ती नातवाला वाचता येत नाहीत. मग उपासना कोणत्या भाषेत घ्यायची, यावरून एकाच मंडळीत रुसवेफुगवे होतात. वरवर हा भाषेचा वाद दिसतो, पण खरे पाहता तो आजी आणि नातवामधल्या अंतराचा असतो. तो मिटवायला पाळकाजवळ कोणताही ठराव पुरा पडत नाही.

नवराबायकोच्या भांडणात तर पाळकाला फारच जपून पाऊल टाकावे लागते. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पत्नीवर दीर्घकाळ अन्याय केला. पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग, असे काहीतरी आणखी सिद्ध करावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही तरतूद भेदभावाची ठरवली, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून दोघांना समान कारणे दिली, परस्पर संमतीचा मार्गही दिला. म्हणजे जवळजवळ एकशे बत्तीस वर्षे, मार खाणारी ख्रिस्ती बाई पाळकाकडे आली, तर 'सोसून घे, प्रार्थना कर' यापलीकडे फारसे काही सांगितले जात नसे, आणि कायदाही त्या सल्ल्याच्याच बाजूने उभा असे. आता तसे नाही. तडजोड घडवणे हे पाळकाचे काम आहेच. पण जिथे जिवाला धोका आहे, तिथे बाईला सुरक्षित जागी पोहोचवणे हेही त्याचेच काम आहे, असे मला वाटते. विवाहाच्या पावित्र्याला त्याने बाध येत नाही. ते पावित्र्य मारहाण करणाऱ्याने आधीच मोडलेले असते.

आणि पाळकाच्या स्वतःच्या घराचे काय? त्याची ठरावीक वर्षांनी बदली होते, मुलांची शाळा मोडते. त्याचा पगार बेताचा असतो, आणि शहरातले घरभाडे बेताचे नसते. त्याच्या पत्नीने रविवारची शाळा घ्यावी, भगिनीमंडळ चालवावे, आलेल्यागेलेल्याला चहा द्यावा, अशी सर्वांची अपेक्षा असते, पण तिची नेमणूक कोणी केलेली नसते. त्याच्या मुलाने चुकून शिवी दिली तरी गावभर होते. कॅथलिक फादरना बायकामुले नसतात, पण सगळ्यांची दुःखे ऐकून आल्यावर स्वतःचे सांगायला रात्री कोणी नसते, हे त्यांचे दुःख. अलीकडे स्त्रियाही पाळक होऊ लागल्या आहेत. 'चर्च ऑफ साऊथ इंडिया'त तर २०१३ साली एक स्त्री बिशप झाली. तिथे घरातली 'मंडळी' म्हणजे नवरा, आणि चहा कोणी करायचा हा प्रश्न आता त्याच्याकडे पाहतो आहे.

टिळक दांपत्याच्या चरित्रातून मला एक साधी गोष्ट दिसते. १८९५ साली टिळकांनी देवासाठी घर बाजूला ठेवले, तेव्हा दोघेही पाच वर्षे होरपळले. १९०० नंतर घरातल्या माणसाच्या मनाला त्यांनी वेळ दिला, मान दिला, आणि त्यानंतरचे त्यांचे मोठे काम त्या घराच्या आधारावर उभे राहिले. पुढे पगार सोडण्याइतके धाडस त्यांना करता आले, कारण पाठीशी लक्ष्मीबाई होत्या. पौलाने तीमथ्याला घातलेली अट पाळकाची परीक्षा घेण्यासाठी वापरली जाते. मंडळीने ती स्वतःलाही लावून पाहावी. आपल्या पाळकाला घर सांभाळायला आपण वेळ देतो का? आठवड्यातला एक दिवस, एक संध्याकाळ, तो फक्त त्याच्या मुलांचा आहे, असे ठरवतो का?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा आहे असे नाही. लोकांसाठी झिजणारे डॉक्टर, शिक्षक, कार्यकर्ते आपल्या प्रत्येकाच्या परिचयाचे असतात. त्यांचा सत्कार करताना आपण शाल आणि नारळ त्यांच्या हाती देतो. पुढच्या वेळी त्यांच्या घरी जाऊन, त्या कामाचा खर्च कोण कोण सोसते आहे, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)