व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधल्या बायसची कुळकथा

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये बायस म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडच्या तुलनेत, त्यांच्या वाटेतल्या ग्रिड नावाच्या जाळीला दिलेले स्थिर ऋण व्होल्टेज. गाणे सुरू असो वा नसो, ते कायम असते, आणि व्हॉल्व्ह स्वस्थ असताना त्यातून किती प्रवाह वाहावा हे तेच ठरवते. नळ अर्धवट उघडा असेल तरच धार वाढवताही येते आणि कमीही करता येते. बायस ग्रिडला अशाच मधल्या जागी ठेवतो. ग्रिड फार ऋण झाली तर आवाजाच्या लहरीचा एक भाग कापला जातो, पुरेशी ऋण नसेल तर प्रवाह बेसुमार वाढून इलेक्ट्रॉन झेलणारी प्लेट लाल होते. हे व्होल्टेज जुळवण्याच्या कामाला आज ‘बायस सेट करणे’ म्हणतात. ऋण व्होल्टेज जुने आहे. ते स्क्रूड्रायव्हरने जुळवण्याची पद्धत मात्र बरीच नंतरची.

अमेरिकेत ली डी फॉरेस्टने 1906 साली दोन इलेक्ट्रोडांच्या व्हॉल्व्हमध्ये तिसरा, म्हणजे ग्रिड, घातला. त्याचा ‘ऑडियन’ बिनतारी संदेश टिपायला उपयोगी होता, पण आवाज मोठा करण्याच्या बाबतीत बेभरवशाचा. काचेच्या आत थोडा वायू हवाच, अशी डी फॉरेस्टची समजूत होती, आणि ती चुकीची होती. दुसरी अडचण ग्रिडची. ती कॅथोडपेक्षा धन झाली की इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढते. मग येणाऱ्या क्षीण संकेतालाच हा प्रवाह पुरवावा लागतो आणि त्याचा आकार बिघडतो.

यावरचा उपाय फ्रिट्झ लोवेनस्टाइनने पेटंटात बांधला. हा 1899 साली कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत निकोला टेस्लाचा मदतनीस होता. ग्रिडच्या मंडलात छोटी बॅटरी उलटी जोडून त्याने ग्रिड कायम ऋण ठेवली. त्यामुळे ती प्रवाह घेईनाशी झाली. पेटंटासाठीचा अर्ज 1912चा, मंजुरी 1917ची. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने त्याचे हक्क दीड लाख डॉलरना घेतले. एका उलट्या बॅटरीसाठी ही रक्कम अफाट वाटते, पण लांब पल्ल्याच्या टेलिफोनला विश्वासू ॲम्प्लिफायर हवाच होता. त्याच कंपनीच्या गोटात हॅरोल्ड आर्नल्डने व्हॉल्व्हमधला वायू जवळजवळ पूर्ण उपसला, आणि 1915च्या जानेवारीत न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन मार्ग सुरू झाला तो व्हॉल्व्हच्याच जोरावर.

विसाच्या दशकात हीच बॅटरी घरोघरी पोहोचली. त्या काळच्या अमेरिकी रेडिओला तीन बॅटऱ्या लागत: फिलामेंट तापवणारी ‘ए’, प्लेटला उच्च व्होल्टेज देणारी ‘बी’ आणि ग्रिडला ऋण ठेवणारी ‘सी’. बायस बदलायचा तर ‘सी’ बॅटरीवरची तार दीडवरून तीनवर किंवा साडेचार व्होल्टवर न्यायची. या बॅटरीतून प्रवाह जवळपास वाहतच नसे, म्हणून ती वर्षभरही टिके आणि लोक तिला विसरूनही जात. ती मरगळली की प्लेटचा प्रवाह वाढे आणि महागडी ‘बी’ बॅटरी झपाट्याने उतरे.

वीजवाहिनीवर चालणारे रेडिओ आले तशी बॅटऱ्यांची गरज संपली. 1927च्या सुमारास अप्रत्यक्ष तापणारा कॅथोड प्रचारात आला आणि एक साधी युक्ती सोपी झाली. कॅथोड आणि जमीन यांच्यामध्ये रेझिस्टर घातला की व्हॉल्व्हचाच प्रवाह त्यातून जाताना कॅथोडला काही व्होल्टने धन करतो. जमिनीशी जोडलेली ग्रिड आपोआप तेवढीच ऋण ठरते. यालाच कॅथोड बायस म्हणतात. प्रवाह वाढला की बायसही वाढतो, म्हणजे व्हॉल्व्ह स्वतःला आवरतो. जुळवायचे असे काही उरत नाही. कित्येक रेडिओ आणि लहान ॲम्प्लिफायर याच जोडणीवर वर्षानुवर्षे चालले.

मात्र ही सोय फुकटची नाही. कॅथोडवर गेलेले व्होल्टेज प्लेटच्या वाट्यातून वजा होते. शिवाय आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने जोर लावतात अशा पुश-पुल ॲम्प्लिफायरमध्ये मोठ्या आवाजाला सरासरी प्रवाह वाढतो आणि बायस नको तेव्हा सरकतो. म्हणून जास्त वॉट हवे असलेल्यांनी पुन्हा बाहेरून स्थिर व्होल्टेज देण्याचा मार्ग धरला, आता बॅटरीऐवजी छोट्या रेक्टिफायरमधून. याला ‘फिक्स्ड बायस’ म्हणतात. नाव जरा फसवेच, कारण जुळवावा लागतो तो नेमका हाच. इथे व्हॉल्व्हला स्वतःला आवरता येत नाही, आणि एकाच नंबरचे दोन व्हॉल्व्ह त्याच व्होल्टेजवर सारखा प्रवाह घेतीलच असे नाही. दोघांत फरक राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका बाजूने चुंबकित होऊन खालचे स्वर बिघडतात. विल्यमसन या अभियंत्याने 1947 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात दिलेल्या ॲम्प्लिफायरच्या प्रसिद्ध आराखड्यात बायस कॅथोडचाच होता, तरी दोन व्हॉल्व्ह समान करायला बदलता रेझिस्टर होताच.

बायस जुळवण्याचे काम घरच्या माणसाच्या हाती सोपवले ते किटच्या धंद्याने. डायनाको कंपनीचा स्टिरिओ 70 हा ॲम्प्लिफायर 1959 साली आला. गिऱ्हाईक तो स्वतः डाख देऊन जोडत असे. प्रत्येक चॅनेलच्या दोन ईएल34 व्हॉल्व्हच्या कॅथोडवर मिळून 15.6 ओहमचा एक रेझिस्टर होता. त्यावर 1.56 व्होल्ट दिसेपर्यंत बायसचा स्क्रू फिरवायचा, की जोडीतून 100 मिलिॲम्पिअर वाहतात, म्हणजे प्रत्येकातून साधारण 50. ताज्या कोरड्या सेलचे व्होल्टेज जवळपास एवढेच असते, त्यामुळे मीटर बरोबर दाखवतो का हे पाहायला घरातला सेलही पुरे. 400 व्होल्टच्या आसपास प्लेट धरली तर प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये सुमारे 20 वॉटची उष्णता होते. ईएल34ची मर्यादा 25 वॉट. एका चॅनेलला एकच स्क्रू असल्याने दोन व्हॉल्व्ह जुळे असणे भाग होते.

पुढे अनेक ॲम्प्लिफायरांत प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा स्क्रू आणि कॅथोडवर 1 किंवा 10 ओहमचा रेझिस्टर मिळाला. 1 ओहमवर मोजलेले मिलिव्होल्ट म्हणजे थेट मिलिॲम्पिअर. मोजमाप व्हॉल्व्ह पुरते तापल्यावर करतात. व्हॉल्व्ह बदलला की पुन्हा, आणि तो जुना होत जाईल तसे अधूनमधून. काही नव्या ॲम्प्लिफायरांत हे काम इलेक्ट्रॉनिक मंडल स्वतःच करते आणि बाहेर स्क्रू ठेवतच नाहीत.