पिरॅमिड सरोवर : तरणसाधन, मासा आणि नाव

उत्तर अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या पश्चिम भागात, रीनो शहराच्या ईशान्येस सुमारे ३५ मैलांवर पिरॅमिड सरोवर आहे. सभोवारचा प्रदेश वाळवंटी असून तेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस अत्यल्प असतो. सरोवरास मिळणारी मोठी नदी एकच, ती म्हणजे ट्रकी. ताहो सरोवरातून निघून, सिएरा नेव्हाडा पर्वतावरील वितळलेल्या बर्फाचे पाणी घेऊन ती सुमारे १२० मैल वाहते आणि येथे येऊन संपते. सरोवरातून बाहेर पडणारा प्रवाह नाही. आत आलेले पाणी केवळ बाष्परूपाने जाते, त्यातील क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे सरोवराचे पाणी मचूळ झाले असून त्याची क्षारता समुद्राच्या सुमारे एक षष्ठांश आहे. अशा पाण्यात ट्राउट जातीचा मासा सहसा टिकत नाही. लाहोंटन कटथ्रोट नावाचा ट्राउट मात्र येथे केवळ टिकला नाही, तर आपल्या जातीतील सर्वांत मोठा आकार त्याने येथेच गाठला.

या सरोवरातील ट्राउटच्या मासेमारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो व ३० जूनला संपतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले असते आणि ट्राउट खोल, थंड थरात राहतो. शरद ऋतू सरू लागला, रात्री गारठल्या, की वरचे पाणी निवते आणि मासा लहान माशांच्या शोधात किनाऱ्याजवळच्या उतारावर येतो. म्हणजे माणसाला जी थंडी असह्य वाटते तीच माशाला किनाऱ्याकडे आणते. त्या दिवसांत पहाटेच्या वेळी गळ टाकणाऱ्यांचे दोन प्रकार दिसतात. काही जण कमरेइतक्या पाण्यात शिडी रोवून तिच्यावर उभे राहतात. काही जण हवा भरलेल्या कड्यासारख्या साधनात, म्हणजे फ्लोट ट्यूबमध्ये बसून उताराच्या पलीकडे जातात. छातीपर्यंत येणारी, पाणी आत न शिरू देणारी विजार, पायांत रबरी पंख, हातात गळाची काठी आणि दोरीच्या टोकाला कृत्रिम माशी, एवढीच त्यांची सामग्री. या दृश्यात नवे काय आणि जुने काय, याचा विचार येथे केला आहे.

१

साधनापुरते पाहिले तर नवे आहे ते द्रव्य. कल्पना फार जुनी आहे. हवेने किंवा पोकळीने तरणाऱ्या वस्तूला धरून पाण्यात उतरण्याची युक्ती निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. इ. स. पूर्व नवव्या शतकातील असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यातील शिल्पपटात फुगविलेली कातडी पोटाशी धरून नदी ओलांडणारे पुरुष कोरलेले आहेत. सिंधू नदीत पल्ला मासा धरणारे कोळी मातीच्या मोठ्या घड्यावर पोट टेकून तरत व हातातील जाळे पाण्यात सोडीत. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी त्यांची वर्णने केली आहेत. संस्कृत व्याकरणातही या साधनांची नोंद सापडते. ‘त्याच्या साहाय्याने तरतो’ या अर्थाचे प्रत्यय पाणिनीने सांगितले असून काशिकावृत्तीने त्यांची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत ‘नाविक’ या परिचित शब्दाबरोबरच ‘घटिक’, म्हणजे घड्याच्या आधाराने तरून जाणारा, आणि ‘प्लविक’ हेही शब्द आहेत. नाविक शब्द भाषेत उरला. घटिक कोशात गेला. मराठीतील ‘सांगड’ हा शब्दही मुळात दोन तरती साधने एकत्र बांधून केलेल्या तराफ्याचा वाचक आहे. आज ‘सांगड घालणे’ असे म्हणताना पाण्याची आठवण कोणास होत नाही.

पिरॅमिड सरोवराच्या परिसरातील मूळ रहिवाशांचे तरणसाधन लव्हाळ्याचे होते. तुली नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या एकत्र बांधून ते होड्या करीत. या होड्यांतून ते पाणथळ भागात पक्षी टिपण्यास व अंडी गोळा करण्यास जात. जवळच्या लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये झालेल्या उत्खननात लव्हाळ्याची बनविलेली, खऱ्या पक्ष्यांस भुलविणारी बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कोरड्या हवेने जपलेल्या या वस्तूंवरून येथील लोकांची लव्हाळ्यावरील हुकमत किती जुनी होती हे कळते.

आजची फ्लोट ट्यूब या परंपरेतून आलेली नाही. तिचा जन्म मोटारीच्या चाकातून झाला. हवा भरलेल्या रबरी धावेचा डनलॉपने १८८८ मध्ये पुरस्कार केला. मालमोटारी वाढल्यावर त्यांच्या मोठ्या ट्यूबा सर्वत्र मिळू लागल्या. अशा ट्यूबला जाड कापडाची बैठक शिवून तिच्यात बसण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील गळवाल्यांत रूढ झाली होती. पुढे पायांतील रबरी पंख, नंतर निओप्रीनची उबदार विजार आणि शेवटी एका बाजूने मोकळे असलेले, इंग्रजी ‘यू’ किंवा ‘व्ही’ या अक्षरांच्या आकाराचे साधन अशा पायऱ्यांनी तिचा विकास झाला.

तिचा गुण आणि दोष एकच आहे. तीत बसणाऱ्याचे पाय पाण्यात असतात. त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहतात आणि हालचाल निःशब्द होते. परंतु पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने ओढून घेते. पोशाख कितीही चांगला असला तरी तास-दोन तासांत पाय बधिर होतात. त्यातच या सरोवरावर वारा अकस्मात उठतो. पायांच्या बळावर चालणारी ट्यूब त्या वाऱ्याविरुद्ध फारशी पुढे जाऊ शकत नाही. म्हणून जाणते लोक किनारा सोडीत नाहीत आणि वाऱ्याची पहिली रेघ पाण्यावर दिसताच परततात.

२

इंग्रजी नकाशावरील ‘पिरॅमिड’ हे नाव एका प्रवाशाने दिले. जॉन फ्रेमाँट हा लष्करी संशोधक १० जानेवारी १८४४ रोजी येथे पोहोचला. पाण्यातून वर आलेल्या एका चुनखडीच्या सुळक्यावरून त्यास इजिप्तमधील पिरॅमिडचे स्मरण झाले. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या लोकांनी त्याच्या भुकेल्या तुकडीस मोठमोठे ट्राउट खावयास दिले, म्हणून नदीस त्याने ‘सॅमन ट्राउट नदी’ असे नाव दिले. ते टिकले नाही. आजचे ‘ट्रकी’ हे नाव त्याच लोकांच्या एका नायकावरून आले आहे. त्याची नात सारा विनेमुका हिने १८८३ मध्ये आपल्या समाजाविषयी इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला.

या लोकांस इतर लोक उत्तर पायूट म्हणतात. ते स्वतःस ‘नुमू’, म्हणजे माणसे, असे म्हणवितात. त्यांची भाषा युटो-अॅझ्टेकन कुलातील होय. याच कुलात होपी आणि मेक्सिकोतील नाहुआत्ल या भाषा येतात. ज्या शाखेत ती मोडते त्या शाखेस सिडनी लॅम यांनी १९५८ मध्ये सुचविलेले ‘न्यूमिक’ हे नाव याच ‘माणूस’वाचक शब्दावरून घेतलेले आहे.

नुमू समाजातील गटांची नावे अभ्यासकास विशेष बोधप्रद वाटतात. ती कुळावरून किंवा पराक्रमी पूर्वजावरून पडलेली नाहीत. अन्नावरून पडली आहेत. पिरॅमिड सरोवराकाठचे ते ‘कुयुई-डोकाडो’, म्हणजे कुयुई खाणारे. कुयुई हा जगात केवळ याच सरोवरात आढळणारा मासा आहे. दक्षिणेकडील वॉकर सरोवराकाठचे ते ‘आगाई-डिकट्टा’, म्हणजे ट्राउट खाणारे. स्टिलवॉटरच्या पाणथळीतील ते ‘तोई-तिकट्टा’, म्हणजे पाणकणीस खाणारे. रोमन लिपीत ‘डोकाडो’, ‘डिकट्टा’, ‘तिकट्टा’ अशी जी भिन्न रूपे आढळतात ती एकाच पदाची होत. या भाषेत इंग्रजीस अपरिचित असा मध्य उच्च स्वर आहे, आणि दोन स्वरांमध्ये आलेले स्पर्शवर्ण मृदू होतात. इंग्रजी कानांनी ते जसे ऐकले तसे लिहिले.

अशी नामपद्धती म्हणजे भूगोलाचीच नोंद होती. अमुक गटाचे नाव घेतले की त्याचे पाणी आणि त्या पाण्यातील अन्न यांचा उल्लेख होत असे. येथेच एक प्रश्न उद्भवतो. ज्या अन्नावरून नाव पडले ते अन्नच नाहीसे झाले, तर त्या नावाचा अर्थ काय उरतो? विसाव्या शतकात हा प्रश्न नुमूंपुढे प्रत्यक्षात उभा राहिला.

३

सरोवर व त्याभोवतालची भूमी १८५९ मध्ये या लोकांसाठी राखून ठेवण्यात आली. १८६० मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्यांचे युद्ध झाले. २३ मार्च १८७४ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आज्ञेने राखीव क्षेत्रास औपचारिक मान्यता मिळाली. भूमी व सरोवर त्यांचे, हे कागदावर ठरले. नदीचे पाणी कोणाचे, हे मात्र स्पष्ट झाले नाही. पुढील शतकभराचा कलह या एका उणिवेतून निर्माण झाला.

१९०२ च्या कायद्यान्वये कोरड्या पश्चिम भागात सरकारी पाटबंधारे बांधण्याचे धोरण सुरू झाले. त्यातील अगदी प्रारंभीच्या कामांपैकी एक म्हणजे ट्रकी नदीवरील डर्बी धरण. ते १९०५ मध्ये पूर्ण झाले आणि नदीचे सुमारे निम्मे पाणी कालव्याने फॅलनच्या शेतीकडे जाऊ लागले. शेजारचे विनेमुका सरोवर १९३० नंतरच्या दशकात आटून गेले. पिरॅमिड सरोवराची पातळी १९६७ पर्यंत सुमारे ८० फूट उतरली. पातळी खाली गेल्याने नदीमुखाशी गाळाचे उथळ पठार उघडे पडले. ट्राउट आणि कुयुई दोघेही अंडी घालण्यासाठी नदीतच जातात. त्यांची वाटच बंद झाली.

विनाशाच्या उंबरठ्यावरही सरोवराने आपले सामर्थ्य दाखविले होते. डिसेंबर १९२५ मध्ये जॉन स्किमरहॉर्न या पायूट गृहस्थाने ४१ पौंडांचा कटथ्रोट ट्राउट धरला. या जातीचा तो आजही विक्रम आहे. परंतु अंडी घालण्यासाठी नदीत चढलेला ट्राउटचा शेवटचा थवा १९३८ चा. त्यानंतर थोड्याच वर्षांत मूळ वाणाचा मासा सरोवरातून नामशेष झाला. दीर्घायुषी कुयुई कसाबसा टिकून राहिला. १९६७ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली.

४

मासा परतला तो दोन स्वतंत्र प्रयत्नांमुळे. पहिला प्रयत्न न्यायालयात झाला. पायूट जमातीने पाण्यासाठी दीर्घकाळ दावे लढविले. काहींत यश आले, काहींत आले नाही. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नदीच्या पाण्याची जुनी वाटणी पुन्हा उघडण्यास नकार दिला. तथापि ट्रकीच्या एका उपनदीवरील स्टँपीड धरणाचे पाणी माशांच्या रक्षणासाठी सोडण्याची व्यवस्था टिकली. १९९० मध्ये काँग्रेसने पाणीवाटपाच्या तडजोडीचा कायदा केला. पात्र मोकळे राहावे, माशास वर चढता यावे, हा हेतू अशा रीतीने कायद्यात आला. दुसरीकडे जमातीने स्वतःची मत्स्यबीज केंद्रे उभारून अन्य ठिकाणच्या लाहोंटन ट्राउटची पिले सरोवरात सोडण्यास आरंभ केला होता.

दुसरा प्रयत्न योगायोगाने सुरू झाला. नेव्हाडा व युटा राज्यांच्या सीमेवरील पायलट पीक या डोंगरावरच्या एका लहानशा ओढ्यात १९७० नंतरच्या दशकात लाहोंटन कटथ्रोट आढळले. हा ओढा त्यांचा मूळ प्रदेश नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोणीतरी ते तेथे आणून सोडले असले पाहिजेत. त्या चिंचोळ्या प्रवाहात ते खुजेच राहिले होते. पुढील जनुकीय अभ्यासाने त्यांचे पिरॅमिड सरोवरातील मूळ वाणाशी जवळचे नाते दाखविले. १९९५ मध्ये त्यांचे बीज सरकारी मत्स्यकेंद्रात आणले गेले आणि २००६ मध्ये त्यांची पिले सरोवरात सोडण्यात आली. काही वर्षांतच वीस पौंडांहून अधिक वजनाचे मासे गळास लागू लागले. विस्तीर्ण पाणी आणि विपुल अन्न मिळताच त्या खुज्या वंशाची जुनी वाढ प्रकट झाली. २०१४ मध्ये हे ट्राउट ट्रकी नदीत स्वतः अंडी घालताना आढळले. १९३८ नंतर असे प्रथमच घडले. २०२० मध्ये डर्बी धरणावर मासे कालव्यात न जाता नदीतच राहावेत यासाठी जाळीची योजना पूर्ण झाली.

या कथेची उलट बाजू वॉकर सरोवरात दिसते. तेथील नदीचेही पाणी शेतीकडे वळविले गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याची पातळी दीडशे फुटांहून अधिक उतरली. पाणी इतके खारट झाले की, एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील ट्राउट संपुष्टात आला. नदीकाठी राहणारी जमात आजही स्वतःस आगाई-डिकट्टा, ट्राउट खाणारे, म्हणवून घेते. नावातील पहिले पद ज्याचे वाचक आहे तो मासा त्यांच्या सरोवरात नाही. त्या नावाचा अर्थ आज वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. तो एक मागणी नोंदवितो. वॉकर नदीतील पाण्याचे हक्क विकत घेऊन सरोवराकडे पाणी सोडण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांची फलश्रुती अखेर याच एका पदावरून पडताळली जाईल.

५

शरदातील पहाटे ट्यूबमध्ये बसलेला गळवाला एकाकी दिसतो. खेळ त्याचा एकट्याचा, थंडी त्याची एकट्याची, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात त्याच्या खिशात पायूट जमातीने दिलेला परवाना असतो. त्याच्या गळास काटेरी उलटा दात नसतो, कारण जमातीचा नियम तसा आहे. त्याच्या पायांखालील पाणी खटल्यांनी, तडजोडींनी आणि कायद्यांनी तेथवर आणलेले आहे. तो ज्या माशाची वाट पाहतो त्याचे पूर्वज परक्या ओढ्यात कित्येक दशके जगून परत आले आहेत.

लव्हाळ्याची होडी गेली आणि रबरी ट्यूब आली, यात सरोवराचे काही बिघडले नाही. साधने बदलतात आणि त्यांचे वाचक शब्दही घटिकाप्रमाणे कोशात जाऊन बसतात. पाणी आणि मासा यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते गेल्यावर त्यांच्या जागी दुसरे आणता येत नाही. कुयुई-डोकाडो हे नाव आजही शब्दशः खरे ठरू शकते, ते ट्रकी नदी सरोवरापर्यंत पोहोचते म्हणून.